मामांनी पत्ते टाकले ती दुपार

पत्त्यांत ब्लफ मारायचा तर चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नाही, हे मला वडिलांनी माहेरी, चुडाव्याला, लहानपणीच शिकवलं. त्या कलेच्या जोरावर मी नोकरी मिळवली, असं मी इतकी वर्षं स्टाफरूममध्ये छाती फुगवून सांगत आले. ऐका तर.

लग्न होऊन पेडगावला आले, त्याच वर्षी सेलूच्या एका शाळेची ऑर्डर हातात पडली. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. मामा, म्हणजे माझे सासरे, साफ नाही म्हणाले. "सुनेनं रोज एष्टीनं हिंडायचं? लोक काय म्हनतील?" आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांचीच री ओढली, "आन् चूल कोन बघंल?" नवरा वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हता. माझं टाळकं सरकलं होतं, पण नव्या सुनेला बोलायची सोय कुठं!

दिवाळी पाडव्याच्या दुपारी घरात तीन पत्तीचा डाव बसला. पैशांऐवजी चिंचोके. मामा पत्त्यांचे लय शौकीन. एकेक जण पत्ते टाकून मागं सरकला, शेवटी मामा आणि मी उरलो. माझ्याकडे दुर्री, सत्ती आणि गुलाम. ना जोडी, ना रंग. तरी मी चाल टाकतच राहिले. मामांना हसू आलं. "एवढी हिंमत? जिंकलीस तर जा सेलूला. हरलीस तर पुन्हा नोकरीचं नाव काढायचं न्हाई."

मामा शो मागायला चिंचोके उचलतच होते. पत्ते उघडले की माझी शाळा तिथंच संपली. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या आत्याबाई माझ्या मागून वाकल्या, पत्ते पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! आवं, टाका ते पत्ते. सुनेपुढं कशाला हसं करून घेतावं?"

मामा थबकले. आत्याबाईंच्या तोंडून कुणी कधी खोटं ऐकलं नव्हतं, आणि त्यांना तर माझी नोकरी नकोच होती. सगळ्यांदेखत सुनेकडून हरण्यापेक्षा मामांनी पत्ते पालथे टाकले. समोरच्यानं डाव सोडला की आपले पत्ते दाखवावे लागत नाहीत. मी माझे पटकन गड्डीत कोंबले. मामा मात्र शब्दाचे पक्के. पहिल्या दिवशी माझा डबा हातात धरून तेच एष्टीपर्यंत आले.

मला वाटायचं, आत्याबाईंना पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही, गुलाम बघूनच हबकल्या असतील. बाकी कमाल माझी!

मामा गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. मी लेकीपुढं हीच शेखी मिरवत होते. आत्याबाई शेजारी ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या मानंवरून घाम वघळायलता. हिच्याकडं कायच न्हाई, हे आंधळ्यालाबी कळलं असतं."

"मग तुमी तर चुलीचं म्हनला होतात!"

"त्यांच्यापुढं त्यांचंच म्हनावं लागायचं गं."

मी गारच झाले. कसली माझी कला आन् कसलं काय! चुलीच्या त्या एका वाक्यावरून मी इतकी वर्षं त्यांच्याबद्दल मनात अढी धरून होते, आणि माझी शाळा, माझा रुबाब, सगळं त्यांनीच दिलेलं. मी विचारलं, "आन् मामांनी शो मागितलाच असता तर? तुमचं खोटं उघडं पडलं असतं की."

"मग काय, मला शिव्या बसल्या असत्या," त्या म्हणाल्या. "मला सवय होती. तुला न्हवती."