फेट्याची सावली

मी एकेकाळी पैलवान होणार होतो, असं सांगितलं की आमच्या घरात अजून हशा पिकतो. अंगावर मांस नव्हतं, पण जत्रेत कुस्ती धरायचीच होती. म्हणून इंदापूरच्या बाजारात लिंबाखाली देवीची लस टोचायची रांग लागली, तेव्हा मी हळूच सटकत होतो. लस टोचली की दंड सुजतो, ताप येतो, जोर चुकतात, असं तालमीत सगळे सांगत.

तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं माझा दंड पकडला. कुस्तीत मोडलेले कान, डोक्याला विटका गुलाबी फेटा. दंड चाचपून ते हसले.

"पैलवान, ह्यो सुजला तर बराच दिसंल की!"

रांग हसली. मी म्हणालो, "आबा, जत्रा झाली की टोचून घेतो."

त्यांचं हसू मावळलं.

"माझं पोरगंबी आसंच म्हनलं. मी व्हय म्हनलो. जत्रंत कुस्ती मारून ह्यो फेटा आनला त्यानं. मागनं त्याला देवी आल्या. फेटा तेवढा ऱ्हायला."

मी रांगेत शिरलो आणि टोचणाऱ्यापुढे दंड केला. लस वाळेपर्यंत फांद्यांतून येणारं ऊन लागू नये, म्हणून त्यांनी फेट्याचा शेमला माझ्या दंडावर धरला.

"खपली पडंपातूर जोर न्हाय मारायचं," ते म्हणाले.

ती जत्रा मी काठावर बसून पाहिली. कुस्तीचं त्यात काही नुकसान झालं नाही. पण जिंकलेल्या पोराला फेटा बांधताना सगळे ओरडले, तेव्हा माझा हात आपोआप दंडावरच्या खपलीवर गेला.