आधी ओवाळलं, मग बेड्या

"ही बाई नाय, फ्रीज आहे फ्रीज," मम्मी स्वयंपाकघरात फोनला सांगत होती.

फोनवर कोणाला नाही, फोनलाच. टाईप करायला तिला वेळ लागतो, म्हणून ती माईकचं बटण दाबून बोलते आणि अक्षरं आपोआप उमटतात. पाच-सहा सेकंदांत तेच वाक्य बाहेरच्या खोलीत माझ्या लॅपटॉपवर आलं, शेजारी तिचा गुलाबाचा फोटो. मी त्यावर 'नकारात्मक' असा शेरा मारला आणि पुढची कमेंट उघडली.

माझं कामच ते आहे. एका मालिकेच्या पानावर येणाऱ्या कमेंट वाचायच्या, शिवीगाळ असेल तर लपवायची, बाकीच्यांवर सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ यांतला एक शेरा मारायचा आणि आठवड्याचा गोषवारा इंग्रजीत, सर्वांत जास्त लाईकच्या कमेंट मूळ मराठीत जोडून, एका शीटमध्ये मुंबईला पाठवायचा. शाळा इंग्रजी माध्यमाची आणि घर मराठी, म्हणून मला हे काम मिळालं. इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून ते करता येतं आणि कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मी ते घेतलं. मी कॉम्प्युटरवर डेटाचं काहीतरी करते, एवढंच मम्मीला माहीत होतं. मालिका कोणती ते मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं असतं.

मालिकेची नायिका गुन्हे शाखेत इन्स्पेक्टर आहे. ती रडत नाही, आवाज चढवत नाही, कोणी छातीवर हात ठेवून शपथ घेतली तर त्याच्या नखांकडे बघते. सुरुवातीला लोकांना ती आवडली. चोर सापडत होते तोवर सगळं ठीक होतं. मग ती घरातल्यांनाही प्रश्न विचारायला लागली आणि कमेंटचा सूर बदलला. कपाळाला टिकली का नाही. हिच्या नवऱ्याची दया येते. सासू बोलत असताना ही घड्याळात बघते. प्रोफाईलवर नातवंडांना मांडीवर घेतलेला एक निवृत्त गृहस्थ रोज न चुकता लिहायचा की हिला कोणीतरी घरी नेऊन सरळ केलं पाहिजे. मी ते रोज लपवायचे. रोज सकाळी तो 'शुभ प्रभात, स्त्रीचा आदर करा' असा फुलांचा फोटोही टाकायचा. नियमाप्रमाणे तो मला सकारात्मक धरावा लागायचा.

दिवाळीत भाऊबीजेचा भाग आला. नायिकेच्या सख्ख्या भावाचं औषधाचं दुकान. त्याने बनावट औषध विकलेलं, त्यात एक लहान मुलगी गेलेली, आणि पुरावा नायिकेच्या हाती लागलेला. ती माहेरी जाते, पाटावर बसवून भावाला ओवाळते, तबक बाजूला ठेवते आणि म्हणते, "चल." बाहेर गाडी उभी असते.

त्या दिवशी कमेंट थांबेनात. 'आधी ओवाळलं, मग बेड्या! थू.' 'हिला बहीण म्हणायचं?' 'एक दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं?' बायकांनी शाप दिले, की हिचं कुंकू पुसलं जावं. हिला मन नाही, असं लिहिणाऱ्यांचीच ही भाषा. मी त्या मेलेल्या मुलीबद्दल कोणी काही लिहिलंय का म्हणून शोधत बसले. वर गेले, खाली आले, शब्द घालून शोधलं. एकही कमेंट नव्हती. उठून मी हात धुतले, साबण लावून, जणू कीबोर्डला काही चिकटलं होतं.

आमच्या घरी त्या भाऊबीजेला कोणी आलं नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी.

मामा चांदवडला असतो. मम्मीचा एकुलता भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्यानेच माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा ओझरला एका कारखान्यात कायम नोकरीला, पहिली पाळी, सकाळी सातला हजर. मी पोहे दिले. ते लोक गेल्यावर त्या मुलाने टाकलेले फोटो पाहिले. सोमवार ते शुक्रवार, व्यायामशाळेच्या आरशासमोर दंड फुगवून उभा, खिडकीत सकाळचं ऊन, मागच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा, साडेदहा. आठ महिन्यांचे फोटो. मामा अजून घरीच होता, मी ते माझ्या फोनवर त्याला दाखवले.

"तू काय पोलीस हे का गं?" मामा म्हणाला.

"मामा, तो कामावर कधी जातो मग?"

"जाईल ना. लग्न झालं की लागंल कुठंतरी. लय हुशार पोरगंय."

म्हणजे त्याला माहीत होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, पोह्यांच्या रिकाम्या बशीकडे बघत होता. मी नाही म्हटलं. मुलाकडच्यांनी गावात मामालाच खोटं पाडलं, मामा आमच्यावर उलटला. "भाचीनं माझं नाक कापलं," असं मम्मीला फोनवर सांगून त्याने येणं बंद केलं. मी बरोबर होते, यावर मम्मीचं दुमत नव्हतं. "खरं होतं ते समजलं गं," ती म्हणायची, "पण एवढं खरं कशाला?" मग इंग्रजी शाळेत घातलं तिथंच चुकलं, असं म्हणून भाजी ढवळायची. ओवाळणीचं तबक तिने दोन्ही वर्षं घासून ठेवलं होतं.

भाऊबीजेचा भाग संपल्यावर मम्मीने स्वयंपाकघरात माईकचं बटण दाबलं. मग ती हळू बोलली, इतकं हळू की मला ऐकू आलं नाही. स्क्रीनवर आलं तेव्हा वाचलं.

'माझीपण मुलगी अशीच आहे. खरं बोलून माझं माहेर तोडलं. अशी मुलगी कुणाच्या पोटी येऊ नये.'

मला ती कमेंट लपवता आली असती. एक क्लिक. पण तिच्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती, कोणाचं नाव नव्हतं. नियमात बसत होती. मी 'नकारात्मक' लिहिलं आणि ठेवली. रात्री आम्ही दोघी शेजारी बसून जेवलो. तिने मला आणखी भात वाढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या भागावरची सर्वांत जास्त लाईक मिळालेली कमेंट तीच होती. 'ताई, तुमचं दुःख समजतं.' 'ताई, अशा मुलीला घराबाहेर काढा.' अनोळखी लोक माझ्या आईचं सांत्वन करत होते आणि मी एकेकावर शेरा मारत होते. सकारात्मक. सकारात्मक. त्या लोकांची किळस आलीच, पण त्याहून जास्त माझ्या शांत बोटांची आली.

सोमवारी सकाळी अकराला साप्ताहिक मीटिंग असते. मी कॅमेरा आणि माईक बंद ठेवून ऐकते. दीड वर्षात कोणी मला काही विचारलं नव्हतं. हेडफोन चार्ज करायचा राहिला होता, म्हणून आवाज लॅपटॉपवरच होता. मम्मी आत कांदा चिरत होती.

"प्रेक्षक नाराज आहेत आणि ते बरोबर आहेत," वाहिनीचे सर म्हणाले. "बाई जरा जास्तच डोक्याने चालतेय. आपण दाखवू की पुरावा चुकीचा निघाला. भाऊ निर्दोष. ती त्याच्या पायावर पडते, रडते. फुल एपिसोड रडणं."

"आणि ती मेलेली मुलगी?" लेखकांपैकी कोणीतरी विचारलं.

"तिचं बघू नंतर. प्रेक्षकांना आठवत पण नाही ती. हे ऐका. शीटमध्ये एक कमेंट आलीय, सोनं आहे सोनं." ते वाचायला लागले, मालिकेतल्या आईच्या आवाजात, प्रत्येक शब्द ओढून. "माझीपण मुलगी अशीच आहे. खरं बोलून... माझं माहेर तोडलं."

आतली सुरी थांबली.

"हाच संवाद आईच्या तोंडी टाका," सर म्हणाले. "आणि मग एक थप्पड. सणसणीत. प्रोमो तिथेच कट."

"वा, सर," दोघं-तिघं म्हणाले. कोणीतरी हसलं.

मम्मी दारात आली होती. हातात सुरी तशीच, डोळ्यांत कांद्याचं पाणी. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं एकदम समजलं होतं. आपलं घरचं दुखणं एक अनोळखी माणूस नक्कल करून वाचतोय, हे ऐकताना तिचा चेहरा जसा झाला, तसा तो मी मामाच्या फोननंतरही पाहिला नव्हता.

माईकचं बटण दाबायला माझं बोट दोनदा चुकलं. स्क्रीनवरच्या चौकटींतली माणसं माझ्या नावाकडे बघायला लागली, कारण ते नाव पहिल्यांदाच उजळलं होतं. मी मात्र दाराकडे बघत बोलले.

"सर, ते वाक्य माझ्या मम्मीचं आहे, आणि त्यातली मुलगी मी आहे. तिला विचारल्याशिवाय ते वापरायचं नाही. तिचं माहेर मी तोडलं नाही, मामा खोटं बोलला म्हणून तुटलं. आणि माझ्या मम्मीने मला कधी थप्पड मारलेली नाही."