पाठमोरी चढण

यांग्जी काकी पुढे चालणार आणि मी रिकामी टोपली पाठीला लावून मागून, असं आमचं ठरलं होतं.

"टोपली कशाला घेतलीस?"

"सरपणाला."

टोपलीची एक बाजू माणूस पाय सोडून बसेल अशी कापलेली होती. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मीही विषय वाढवला नाही. आम्ही भारवाहक माणसं, कुठे तोंड बंद ठेवायचं ते आम्हाला कळतं.

फागुन निम्मा सरला होता. खालच्या रानात गुरांसाची झाडं लालभडक फुलली होती, वर सावलीच्या अंगाला बर्फ तसंच होतं. डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांचे जथे यायला अजून अवकाश होता. वरच्या कुरणावरचं काकीचं चहाघर गेले दोन हिवाळे बंद होतं. आधी तिचा नवरा टेम्बा गेला, मग तिचे गुडघे गेले. मुलगा रिंजी कोरियात कामाला. त्याचं फोनवर एकच पालुपद असायचं, "आमा, तू खालीच राहा." आणि हिचं एकच उत्तर, "माझी चूल वर आहे." त्या घरात तिला एकदा पुन्हा राहायचं होतं. त्यापलीकडे तिनं कुणाकडे काही मागितलं नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हा वर नुसता याकांचा गोठा होता. टेम्बानं फळ्या न् पत्रे पाठीवरून नेऊन घर उभं केलं. पाहुणे तिला दिदी म्हणायचे. पेला अर्धा झाला की ती लोणी-मिठाचा चहा पुन्हा काठोकाठ ओतायची. 'पुरे' हा शब्द तिला ऐकूच यायचा नाही. कुणाला उंची बाधली हे तिला चेहऱ्यावरून समजायचं. मग ती स्वतः त्याला टोपलीत बांधून माझ्यासारख्याच्या पाठीवर द्यायची आणि खाली धाडायची.

दगडी पायऱ्यांची चढण लागली आणि तिचा गुडघा अडला. ती वाटेवरच्या चौतारीवर, भारवाहकांच्या विसाव्याच्या दगडांवर, टेकली.

"परत फिरायचं?" मी विचारलं.

"जीभ झडेल तुझी."

"मग बस टोपलीत. लहानपणी तू मला पाठीला बांधून हिंडवायचीस. आता माझी पाळी."

"आजाऱ्याला नाहीतर मेलेल्याला टोपलीत घालतात. तेही खाली न्यायला. वर नेताना कुणी पाहिलंय?"

"बघायला आहे कोण इथे? दोन याक."

"त्यांचीही लाज वाटते रे," ती म्हणाली, पण हसली आणि बसली.

टोपलीतलं माणूस वाहणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून बसतं. त्याला मागे पडलेली वाट दिसते, पुढचं काही दिसत नाही. कपाळावर टोपलीचा पट्टा ओढून मी चढू लागलो. काकी खालचं गाव बघत बोलत होती. इथे टेम्बा घसरला होता, तिथे नवरी म्हणून येताना ती रडली होती. मधूनच विचारायची, "घर दिसलं का? दिसलं की सांग हं."

शेवटच्या वळणावर मी मान वर केली आणि माझे पाय जागीच थांबले. पत्रे मधोमध खचले होते. दोन हिवाळ्यांचं बर्फ उतरवायला वर कुणीच नव्हतं. मागची भिंत बसली होती, आणि धुराडं बर्फात आडवं पडलं होतं.

"दिसलं?"

मी कपाळावरचा पट्टा सारखा केला.

"फुर्बा, तू काही दम खायला थांबलेला नाहीस. छप्पर गेलं ना?"

"गेलं, काकी."

"चूल?"

"छपराखाली असेल."

तिची पाठ माझ्या पाठीला लागलेली होती, त्यामुळे ती रडतेय हे मला पाहावं लागलं नाही.

"मला वळवू नकोस," ती शेवटी म्हणाली.

अंगणात पाहुण्यांचा दगडी ओटा होता. तिला दरीकडे तोंड करून मी तिथेच उतरवलं. मोडलेल्या फळ्या ओढून आणल्या, तीन दगड मांडले आणि बर्फ वितळवून चहा टाकला. हातात पेला घेऊन ती समोरच्या हिमशिखरांकडे बघत राहिली. घराकडे तिनं मान वळवली नाही.

"इथे बसून लोक एवढं काय बघतात, मला कधी कळलंच नाही रे. मी आपली आत, धुरात. टेम्बा रोज हाक मारायचा, बाहेर ये, जरा बस माझ्याजवळ. मी म्हणायची, दूध उतू जाईल." ती थांबली. "फार आठवण येते त्याची."

मग ती ओट्यावर थोडी सरकली. मी शेजारी बसायला गेलो.

"तू नको," ती म्हणाली. "तू चहा बघ."