बाल्दोमेरोंच्या उशाशी घंटा

चिलीतल्या वाल्परायसोत हिवाळ्यात पाऊस लागला की आमच्या इमारतीत घरोघरी भोपळ्याचे घारगे तळतात. पावसात घारगे न करणारी बाई इथे चर्चेचा विषय होते.

जिन्यात छताला धूर ओळखणाऱ्या डब्या होत्या. डबीच्या आत अंधार, त्यातून उजेडाची एक तिरीप सरळ जात असते. धूर शिरला की ती उधळते, बाजूच्या, उजेड टिपणाऱ्या डोळ्यावर पडते आणि खाली प्रवेशदारापाशी असलेल्या पेटीला खबर जाते. पेटी त्या मजल्याचा लाल दिवा लावते, घंटा वाजवते. आता डबीला काय कळणार, धूर आगीचा की तेलाचा? पाऊस आला की घारगे आणि घारगे आले की घंटा!

तळमजल्यावरच्या व्यवस्थापकांची, बाल्दोमेरोंची, दुपारची झोप मोडायची. एका हिवाळ्यात त्यांनी पेटीतून घंटाच बंद करून टाकली.

त्याच हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावर एदेल्मीराकडे रॉकेलची शेगडी भडकली. तिचा नवरा रोसेंदो बेकरीतली रात्रपाळी करून झोपलेला. शिवलेले कपडे पोचवून एदेल्मीरा चढ चढून आली, तोवर तो नुसत्या धुरानेच गेला होता. खाली पेटीवर तिसऱ्या मजल्याचा लाल दिवा मुकाट जळत होता.

"पेटी चालूच होती," बाल्दोमेरो चौकशीत म्हणाले. खोटं नव्हतं ते. सुटले.

एदेल्मीराने दोरा दातांनी तोडला. "सुटू देत. मी कुठे सोडतेय?"

पुढे ती रहिवाशांच्या समितीची अध्यक्ष झाली. आम्हाला वाटलं, पहिल्याच सभेत बाल्दोमेरोंना हाकलणार.

"छे! राहू देत त्यांना. पेटीजवळच राहू देत."

तिने सगळी यंत्रणा नवी बसवून घेतली. स्वयंपाकघरांत आता धूर नव्हे, उष्णता ओळखणाऱ्या डब्या. घारगे खुशाल तळा. वायर तोडा, डबी काढा, पेटी किरकिरत बसते. आणि झोपायच्या प्रत्येक खोलीत घंटा. बाल्दोमेरोंच्या तर अगदी उशाशी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, नेमकी त्यांच्या झोपेच्या वेळी, एदेल्मीरा चाचणी घ्यायची.

"अगं बाई, जरा संध्याकाळी घे की!"

"आग काय वेळ विचारून येते, साहेब?"

यंदाच्या पावसात घंटा वाजली, तेव्हा सोमवार नव्हता. पेटीवर तळमजल्याचा दिवा. आम्ही सगळे रस्त्यावर, कुणाच्या हातात अर्धा घारगा. बाल्दोमेरो मात्र नाहीत.

शेजारचा नोल्बेर्तो एदेल्मीराला म्हणाला, "बंबवाले निघालेत. तू नको जाऊस. तुझा कोण लागतो तो?"

"माझाच तर आहे तो," ती म्हणाली. ओली शाल तोंडाला गुंडाळून, समितीकडची किल्ली घेऊन आत शिरली आणि त्यांना बखोटीला धरून ओढतच बाहेर आली. दुसऱ्या हातात एक उशी होती, पट्टा बांधलेली. आवाज दबावा म्हणून बाल्दोमेरोंनी ती घंटेवर आवळली होती आणि शेगडीमुळे पडद्याने पेट घेतला तरी घोरत पडले होते.

"मला... कशाला वाचवलंस?" ते खोकत म्हणाले.

"मेलेल्याला ऐकू येत नाही, साहेब. रोसेंदोला आलं नाही. तुम्हाला यायला हवं."

पुढच्या सोमवारी तिने त्यांच्या दारात खुर्ची टाकली, त्यांना समोर बसवलं आणि घंटा सुरू केली. मग तिखट चटणी लावून एक घारगा अगदी सावकाश खाल्ला. शेवटचा घास गिळेपर्यंत घंटा थांबवायच्या बटणाला हात लावला नाही.