जुना मास्टर सिलिंडर

माझी शेवटची पोस्टिंग डोंगरातल्या एका वर्कशॉपमध्ये होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. आता धारूरला घाटाच्या वर माझं गॅरेज आहे. तिथे शत्रू नव्हता आणि इथेही नाही, पण डोकं फिरवणारे दोन्हीकडे भरपूर.

मागच्या आठवड्यात भानुदास मुकादम त्याचा जुना छोटा ट्रक घेऊन आला. पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवायचे होते. ऊसतोडीची टोळी घेऊन दोन दिवसांनी घाट उतरायचा होता. डिस्क आणि कॅलिपर त्याने आणले होते. पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर मात्र ड्रमचाच ठेवा म्हणाला.

"चांगला हाय की तो. कावून बदलायचा?"

"ड्रमचा आहे म्हणून. पाय काढला तरी तो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं. डिस्कला पॅड घासत राहतात. उतारावर तापून तेल उकळतं, मग पेडल रिकामं जातं."

"तुमी फौजी लोकं लई किरकिर करता बघा."

तीनदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्यांदा कोणते शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत. शेवटी मी जे कुणाला सांगत नाही ते सांगितलं.

डोंगरातल्या त्या वर्कशॉपमध्ये एका वन-टन गाडीला आम्ही असेच डिस्क बसवले. नवा सिलिंडर आला नव्हता. मेजर साहेब म्हणाले, "१००० आवर्स, रोड टेस्ट." म्हणजे सकाळी दहाला. मला सगळं माहीत होतं. तरी मी "यस सर" म्हणालो. आजही त्या 'यस सर'चा मला राग येतो.

ज्याने ब्रेक उघडला त्याने टेस्टला शेजारी बसायचं, असा आमचा नियम. ०९५० ला मला स्टोअरमधून बोलावणं आलं. माझ्या जागी नाईक सोपान चढला. तो नेकनूरचा, माझ्याच जिल्ह्यातला.

"उस्ताद, तुमी जावा. मी हाय न्हवं."

१०२० ला मी परतलो, तेव्हा वायरलेसवर त्याचाच आवाज होता. "पेडल खाली गेलं. ब्रेक न्हाई. ओव्हर."

मी माइक घेतला. "ड्रायव्हरला सांग, गाडी डोंगराला घास. ओव्हर."

"रॉजर." वायरलेसवरचं 'हो'.

ऑर्डर बरोबर होती. उजवीकडे दरी होती. डोंगर डाव्या हाताला, आणि डाव्या सीटवर सोपान. ड्रायव्हर वाचला.

भानुदास चावी ठेवून माजलगावला गेला आणि संध्याकाळी नवा सिलिंडर घेऊन आला. चुकीच्या मापाचा. मी कपाळाला हात लावला आणि त्याला परत पाठवला.

त्या अपघातानंतरच्या सुट्टीत मी नेकनूरला गेलो होतो. सोपानच्या आईने विचारलं, "शेवटाला काय म्हणला माझा लेक?"

"हो म्हणाला, मावशी."

"कशाला हो म्हणला?"

याचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही.