पद्माक्काचा हातगुण

उचगावच्या त्या गल्लीत पोराच्या अंगावर काही उठलं, की आया डॉक्टरकडं नंतर आणि पद्माक्काकडं आधी जायच्या. दंडावर गांधी उठोत, पाठीवर पुरळ येवो, नाहीतर गालाला खरखरीत चट्टा पडो. दीड-दोन वर्षांचं ते रडकं पोर काखेत मारून बाई दारात उभी. "आक्का, बघा की ओ हेच्याकडं. रातभर डोळ्याला डोळा लागू दिला न्हाय."

आक्का सहाण घ्यायची, काव उगाळायची, तो तांबडा लेप पोराच्या अंगाला बोटांनी हलकेच लावायची आणि आईच्या वेळच्या काळ्या घोंगडीत त्याला गुंडाळून मांडीवर घ्यायची. ओठांत णमोकार मंत्र चालू. पोर घोंगडीला वैतागून भोकाड पसरायचं आणि शेवटी दमून झोपायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा दारात, या खेपेला हसत, पोराचं झबलं वर करून. "बसलं बघा, आक्का! काय हात हाय तुमचा!" आक्कानं कधी कुणाकडून नारळसुद्धा घेतला नाही. ती उघडी, कोरी पाठ बघायची, तिच्यावरून एकदा हात फिरवायची, की ती भरून पावायची. आणि फुकटातला गुण गल्लीलाही फार आवडायचा.

हा मान काही तिला आंदण मिळाला नव्हता. हुपरीला दिलेली पद्मावती लग्नानंतर थोड्याच दिवसांत ट्रंक घेऊन माहेरी परत आली. नवऱ्यानं दुसरी केली, विषय संपला. धाकटा भाऊ कल्लाप्पा तोंडानं म्हणाला, "ऱ्हा की आक्का, तुझंच घर हाय." पण त्याची बायको त्रिशला आक्काला वाढताना भांडी आपटायची. सगळ्यांची जेवणं उरकली की गार भाकरी तिच्या ताटात पडायची. गल्लीत बारसं असलं, की त्रिशला नवं लुगडं नेसून निघायची आणि दारातनं सांगायची, "तुमी घर राखा." टाकलेल्या बाईला शुभकार्यात पुढं कोण बसवतं?

मग एका संध्याकाळी त्रिशलाच्याच जिनेंद्रच्या अंगावर गांधी उठल्या. पोर दीड वर्षाचं, खाजवून खाजवून लालेलाल. त्रिशला रडायला लागली. आक्कानं आईला करताना बघितलं होतं तसं केलं. काव, घोंगडी, णमोकार. सकाळी जिनेंद्रचं अंग कोरं! त्या दिवशी त्रिशलानं तिला तव्यावरची गरम भाकरी वाढली. ती भाकरी आक्का कधी विसरली नाही. गल्लीभर बोभाटा झाला आणि बघता बघता बारशात बाळाला पाळण्यात घालायचा पहिला मान आक्काचा झाला. का, तर तिचा हात लागला की पोराच्या कातडीला काही होत नाही. त्या एका आधारावर बाईनं भावाच्या घरात उभा जन्म मान वर करून काढला. दुसरं होतं काय तिच्यापाशी?

यंदाच्या एप्रिलात जिनेंद्रच्या पोरीच्या, आदितीच्या, मानेवर आणि पाठीवर बारीक लाल पुटकुळ्या आल्या. पोरगी नुकती दुडुदुडु पळायला लागलेली. आक्कानं सवयीनं सहाण काढली, तर जिनेंद्रच्या बायकोनं, भाग्यश्रीनं, पोर उचलून घेतलं.

"नको, आक्का. एवढ्या उकाड्यात घोंगडी? डॉक्टरला दाखवूया की."

ज्या घोंगडीत हिचा नवरा निजला, ती हिला नको! आक्काला लागलं. आदिती अनोळखी जागी तिच्याशिवाय कुणाच्या कडेवर राहायची नाही, म्हणून आक्कालाही रिक्षात बसवलं. तेवढ्यावरही ती फुशारली.

शहरातला तो मुलांचा डॉक्टर तरुण होता. त्यानं आदितीचा झगा वर केला, पाठ बघितली, मानेची घडी बघितली आणि हसला. "घामोळं हाय. सैल सुती कपडे घाला, साध्या पाण्यानं पुसत जा, पावडर थापू नका. दोन-चार दिवसांत आपोआप जाईल."

भाग्यश्रीच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट कौतुकानंच ती म्हणाली, "आमच्या आक्का गांधींवर काव लावून घोंगडीत गुंडाळतात. दुसऱ्या दिवशी बसलेलं असतंय."

"पित्ताच्या गांधी बहुतेक वेळा तशाच दिवसाभरात बसतात," डॉक्टर म्हणाला. "काव लावली तरी आणि नाही लावली तरी. ओठ-तोंड सुजलं, दम लागला, तर मात्र लगेच दवाखान्यात पळायचं. आणि घोंगडीत उकडून खाज उलट वाढते."

आक्काच्या मांडीवर आदिती तिच्या बांगड्यांशी खेळत होती. आक्कानं विचारलं, "आन माझ्या हातनं आजपातुर बसलं, ते?"

"ते बी आपोआपच बसलं की, आजी," असं म्हणून त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, त्यामुळं त्याच्यावर रागवायचीही सोय नव्हती. रिक्षा उचगावकडं वळली तरी आक्का आपल्या हाताकडं बघत होती. जिनेंद्र, त्याच्या बरोबरीची पोरं, त्यांची पोरं. सगळी बरी होणारच होती. ती हुपरीलाच राहिली असती, तरी झाली असती. आक्काला तोंडात पदर कोंबून रडावंसं वाटलं, पण शेजारी भाग्यश्री बसली होती.

दिवस मावळायच्या आत घरात ताटं वाढली गेली आणि भाग्यश्रीनं बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. त्रिशलाच्या हातातला घास हातातच राहिला. इतकी वर्षं नणंदेपुढं दबून राहिलेली बाई. तिला जणू गुप्तधनच सापडलं.

"म्हंजे कावळा बसायला आन फांदी मोडायला! आन आमी खुळ्यागत ह्यांच्या पाया पडतोय!"

कल्लाप्पा भरल्या तोंडानं हसला. "जाऊ दे की, आई," असं म्हणणारा जिनेंद्रही हसतच होता. ज्याच्यासाठी पहिली काव उगाळली, तोच!

"व्हय, खुळीच की तुमी," आक्का म्हणाली. "आन सगळ्यात मोठी खुळी मी." ती ताटावरून उठली. "आक्का, जेवा की," असं फक्त भाग्यश्री म्हणाली.

त्रिशलानं ही गोष्ट घरोघरी पोचवली. आक्काच्या ताटात पुन्हा गार भाकरी पडायला लागली. पुढच्या महिन्यात समोरच्या घरी बारसं निघालं. आक्का सकाळपासून इरकल नेसून बसली होती. त्रिशला दारातनं म्हणाली, "तुमी घर राखा." पाळण्याची गाणी आक्कानं घरात बसून ऐकली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, ते काही खोटं नाही.

एवढं होऊनही शेजारची बिबीजान तिच्याकडं आली. कडेवर नातू अबुजर, पोटावर आणि मांड्यांवर गांधीच गांधी.

"डाक्टर काय बी बोलंल. तुमी लावा, आक्का."

आक्काचा हात सहाणेवर गेला. जुनी हाक, जुनं सुख! पोराला मांडीवर घ्यावं, उद्या बिबीजान हसत येईल, कोरी पाठ दाखवील. पण आता ते खरं वाटणार कसं? तिनं अबुजरचं तोंड निरखून बघितलं आणि हात मागं घेतला.

"बिबीजान, म्या लावलं तरी जाईल, न्हाय लावलं तरी जाईल. साध्या पाण्यानं पूस. तोंड सुजलं, दम लागला, तर तेवढं डाक्टरकडं पळ."

बिबीजानचा चेहरा पडला. "माझ्या सगळ्या पोरांस्नी लावलासा, आन ह्यालाच न्हाय? लोकांचा राग माझ्या नातवावर काढतासा व्हय? आक्का, एवढा ताठा बरा न्हाय." आणि ती तरातरा निघून गेली. आयुष्यात एकदा खरं बोलली, तर त्याचं हे बक्षीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का उंबऱ्यावर बसली. बसायचं काही कारण नव्हतं, तरी बसली. समोर अबुजर उघडाच कोंबडीमागं पळत होता. पोट कोरं, पाठ कोरी. पळता पळता तो तिच्या पायरीपाशी आला. आक्कानं हात पुढं केला.

तेवढ्यात बिबीजान झबलं घेऊन आली. तिनं पोराला ओढून झबलं त्याच्या पाठीवर खेचलं, त्याला उचललं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बसलं बघा आपलं आपण! कुणाच्या हाताची गरज न्हाय."

आक्काचा हात तसाच पुढं राहिला होता. तिनं तो मागं घेऊन मांडीवर ठेवला.