विहिरीसारखा गार

एकेचाळीस वर्षांच्या संसारात अर्डिथ प्रुएटला नवऱ्याने एक गोष्ट कधी सांगितली नाही, ती म्हणजे मासा किती खोल आहे. तिनेही विचारलं नाही. केंटकी लेकच्या काठावर क्रॅपी मासा धरणाऱ्याला खोली विचारणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलण्यासारखं. विचारलंच कुणी, तर खोटं सांगायचं आणि विचारणाऱ्याने मान डोलवायची. यात कुणाला पाप वाटत नाही, चर्चच्या पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना तर मुळीच नाही.

हर्शल प्रुएट जानेवारीत गेला. सव्वीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवत धरली आणि निवृत्त झाल्यावर मरेपर्यंत मासे धरले. करवतीच्या थरथरीने त्याच्या बोटांची जाण गेली होती. शर्टाची बटणं अर्डिथ लावायची. त्याबद्दल तो बोलायचा नाही आणि तीही विषय काढायची नाही.

बोटीत तो मागे बसायचा, काठ्या लावायचा, दोर सोडायचा. अर्डिथ पुढच्या फळीवर. आलेला मासा जाळीत घ्यायचा, गळावरून सोडवायचा, बर्फात टाकायचा, एवढंच तिचं काम. दिवसाचा पहिला मासा हातात आला की हर्शल मागून विचारायचा, "कसा लागतोय?" ती कधी "कोमट" म्हणायची, कधी "गार", कधी "विहिरीसारखा". बायकोशी चार शब्द बोलायची ही त्याची रीत असावी, असं तिला वाटायचं. बोलण्यात तो मुळातच कंजूष होता.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायप्रस क्रीकच्या चर्चमागची थडगी फुलांनी सजवतात आणि मग ओकच्या सावलीत सगळ्यांचं जेवण होतं. कोणत्या घराने काय आणायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. प्रुएटांकडे तळलेला क्रॅपी. ज्या घराचा पदार्थ टेबलावरून गेला ते घर मिटलं, असं तिथे कुणी तोंडाने म्हणत नाही, पण धरून सगळे चालतात. यंदा हर्शलचं थडगं पहिल्यांदाच सजायचं होतं, आणि त्याच दिवशी त्याची परात टेबलावर नसावी, हे अर्डिथच्या काही केल्या पचनी पडेना.

बुधवारच्या प्रार्थनेनंतर चर्चचा कारभार बघणारा डीकन वेंडेल हफ तिच्यापाशी आला. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याची काळजी जरा जास्तच वाहायचा, इतकंच.

"सिस्टर अर्डिथ, माशांचं मनावर घेऊ नका. मी दुकानातून कॅटफिश आणतो. साफ केलेला मिळतो."

"हर्शल गेला, बोट आहे अजून."

"आहे हो. पण डॉगवुडची फुलं गळून तीन आठवडे झाले. क्रॅपी अंडी घालून काठ सोडून गेला. आता तो मलासुद्धा सापडत नाही."

"तुम्हाला कधी सापडत होता, ब्रदर वेंडेल?"

वेंडेल हसला. पण शनिवारी दुपारपर्यंत काय ते कळवा, असं बजावून गेला.

शुक्रवारी हर्शलचा धाकटा भाऊ क्लोव्हिस याने ट्रेलरवरची बोट पाण्यात उतरवून दिली. "येऊ का बरोबर?" त्याने विचारलं.

"नको. तू बडबड करतोस."

"हर्शल कुठे करायचा? म्हणून तर तुला माझी सवय नाही."

अर्डिथ आधी काठाला गेली. एप्रिलमध्ये इथेच गुडघाभर पाण्यात नर काळेभोर होऊन अंडी राखत बसतात आणि आमिष टाकलं की धावून येतात. तीन तासांत एक काठी हलली नाही. वेंडेलचं म्हणणं खरं निघालं, याचाच तिला जास्त राग आला. मग ती खाडीच्या वळणावर गेली. तिथे हर्शलने माशांना आसरा म्हणून जुनी ख्रिसमसची झाडं सिमेंटच्या बादल्यांत रोवून बुडवली होती. तिने दोर सरळ तळापर्यंत सोडला. खोल गेलेत ना, मग जाऊ दे खोल. फांद्यांत सात गळ अडकून तुटले. क्रॅपीचे डोळे वर असतात, आपल्या खाली काय आहे ते तो बघत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तिलाही ठाऊक होतं. पण माणूस चिडला की ठाऊक असलेलंच आधी विसरतो.

शनिवारी सकाळी ती पुन्हा त्याच वळणावर आली. तळाचा नाद सोडून तिने चार फुटांवर आमिष ठेवलं. तासाभराने एकच मासा लागला, तळव्याएवढा. तिने तो सोडवला, आणि सवयीने तिच्या तोंडून गेलं, "विहिरीसारखा."

मागून काही आवाज आला नाही. येणार कुठून? पण तिचे कान कशाची तरी वाट बघत होते. ती रिळाच्या करकरीची वाट बघत होती. ती "कोमट" म्हणाली की मागे शांतता असायची. "गार" म्हणाली की करकर दोनदा व्हायची. "विहिरीसारखा" म्हणाली की चारदा. हर्शल रिळातून दोर हातभर ओढायचा आणि खाली सोडायचा.

तिने बोटीबाहेर हात घातला. पाणी कोमट होतं. दुसऱ्या हातातला मासा गारेगार होता. म्हणजे तो राहत होता खाली कुठेतरी, खाण्यापुरता एकटाच वर आला होता. गळ कुठे लागला हे दोर सांगतो, पण मासा कुठून आला हे त्याचं अंग सांगतं. आणि ज्याच्या बोटांना गरम तव्याचा चटका कळत नव्हता, त्याला माशाचा गारवा काय कळणार?

तिला आधी राग आला. एवढ्या वर्षांत एकदा सांगायला काय झालं होतं याला? बोटं सुन्न झालीत म्हणायची लाज, म्हणून बायकोला थर्मामीटर करून पुढे बसवलं. मग ती रडली. पाण्यावर कुणी नव्हतं, त्यामुळे पोटभर रडली. मग तोंड पुसून तिने रिळातून चार वेळा दोर ओढून खाली सोडला. हर्शलचे हात लांब होते, तिचे आखूड, म्हणून आणखी एकदा ओढला.

पुढची काठी वाकली. पाठोपाठ दुसरी. दहा वाजेपर्यंत बर्फाच्या पेटीचं झाकण लागेना. वेंडेलला तिने फोन केला तो फक्त तेल जास्त आणा म्हणून सांगायला.

रविवारी हर्शलच्या थडग्यावर तिने पिओनीची फुलं ठेवली. टेबलावर प्रुएटांची परात बटाट्याच्या सॅलडच्या आणि मक्याच्या वड्यांच्या मधे, नेहमीच्या जागी होती. वेंडेलने तीनदा वाढून घेतलं आणि कॅटफिशचं नाव काढलं नाही.

क्लोव्हिस काटा काढत म्हणाला, "किती खोल होते?"

"पाण्याखाली होते."

"घ्या, हीसुद्धा शिकली. पण हर्शलसारखी थाप कुणाला जमायची नाही. आम्ही कुणी सहा फूट सांगायचो, कुणी वीस. त्याला विचारलं की तो म्हणायचा, अर्डिथला विचारा, खोली तिला कळते. आणि तोंड असं गंभीर, की जणू प्रार्थना करतोय."

"तो असं म्हणायचा?"

"दरवेळी. वीस वर्षं."

"मग मला येऊन कुणी विचारलं का नाही?"

"थापेवर कोण विश्वास ठेवतो?"

अर्डिथने हातातली बशी खाली ठेवली. थडग्याकडे एकदा बघून घेतलं.

"बारा फूट," ती म्हणाली. मग सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "बारा फुटांवर होते."

सगळ्यांनी माना डोलवल्या. विश्वास एकानेही ठेवला नाही.